अडीच फुटांचा रूळ : नागपूरच्या रेल्वे संग्रहालयात अर्धा दिवस



गळीत हंगामाच्या तोंडावर आपल्या गटातल्या चाळीस सभासदांची सहल नागपूरला जाऊन आली. शेतीचे प्रदर्शन, ठिबकचे नवे संच, ऊस तोडणीचे यंत्र, संत्र्याच्या बागा असे सगळे पाहून झाले. त्याविषयी शेतकी खाते लिहीलच, आणि नाही लिहिले तर आम्ही सभेत विचारू. मला लिहायचे आहे ते सहलीच्या कार्यक्रमात नसलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल.

झाले असे की परतीच्या दिवशी सकाळीच आमच्या बसचा पाटा तुटला. दुरुस्तीला चार तास लागतील असे ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे सहा लागणार हे आम्ही समजलो. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितले की कडबी चौकापाशी मोतीबागेत रेल्वेचे संग्रहालय आहे, उघड्यावर जुन्या गाड्या मांडून ठेवल्यात, बघून या. 'कडबी चौक' हे नाव ऐकून आमच्यातले दोघे खूश झाले आणि तिथे कडबा काय शेकडा मिळतो ते विचारू लागले. कडबा तिथे नव्हता. पण जे होते ते पाहून आमच्या अण्णांचा चेहरा असा काही झाला की मी वही काढली आणि दिवसभर खिशात घातलीच नाही.

अण्णा म्हणजे माझे सख्खे चुलते. वय ऐंशीच्या पुढे. आज ते तीन एकर उसाचे सभासद म्हणून आपल्याला माहीत असतील, पण १९६६ साली ते बार्शी लाईनवर गँगमन म्हणून लागले, पुढे कीमन झाले आणि त्याच लाईनवरून निवृत्त झाले. सहलीला ते नातवाच्या जागेवर आले होते. प्रदर्शनात त्यांचे मन लागले नव्हते. "ह्या वयात ठिबक बगून मी काय करू," असे म्हणत ते सावली शोधून बसत. मोतीबागेत मात्र सगळ्यांच्या पुढे चालले.

हे संग्रहालय १४ डिसेंबर २००२ रोजी सुरू झाले. ते फक्त नॅरोगेजचे, म्हणजे अरुंद रुळाच्या गाड्यांचे आहे. झाडे, हिरवळ, त्यात वाफेचे इंजिन, जुने डबे, सिग्नलचे खांब. आत खोल्यांमध्ये कंदील, घंटा, टेलिफोन, टोकनची यंत्रे. मुलांना बसवून फिरवणारी छोटी गाडीही आहे. आमच्यातले सगळे इंजिनाकडे धावले, फोटो काढू लागले. अण्णांनी इंजिनाकडे पाहिलेही नाही. ते खाली वाकले आणि दोन रुळांच्या मधोमध वीत टेकवून मोजू लागले. तीन विती झाल्या, वर चार बोटे.

"ह्यो आपलाच की रं," ते म्हणाले. "अडीच फुटाचा."

आपला म्हणजे बार्शी लाईट रेल्वेचा. आपल्या तरुण सभासदांपैकी पुष्कळांना ही गाडी आठवत नाही, म्हणून थोडे सांगतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची मोठी रेल्वे मुंबईकडून सोलापूरला जाताना बार्शीला बगल देऊन गेली. बार्शी तर कापसाची आणि धान्याची मोठी पेठ. स्टेशन पडले कुर्डुवाडीला, आणि त्या स्टेशनाचे नाव मात्र ठेवले 'बार्शी रोड'. म्हणजे बार्शीला जायचे असेल तर इथे उतरा आणि पुढचे तुमचे तुम्ही पाहा. पुढची तीस-पस्तीस किलोमीटरची वाट बैलगाडीने. याच कंपनीत नोकरीला असलेला एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर होता. त्याच्या डोक्यात आले की इथे छोट्या रुळाची स्वस्त रेल्वे टाकावी. १८९५ साली लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी गाडी धावली. १९०६ साली ती दुसऱ्या बाजूने पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, आणि १९२७ साली पंढरपूरपासून मिरजेला. सगळी मिळून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर.

आपल्या जिल्ह्यात येडशी, कळंब रोड, तडवळे, ढोकी ही तिची स्थानके. बार्शी-पांगरी हा तेव्हा इंग्रजांचा मुलूख आणि येडशीपासून पुढे निजामाचा. एकच गाडी दोन राज्यांतून जायची. ज्या कसबे तडवळ्याला १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली, ते गावही याच लाईनवरचे. १ जानेवारी १९५४ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली आणि ही लाईन मध्य रेल्वेत गेली. लोकांच्या तोंडी मात्र ती 'बार्शी लाईट' होती ती अखेरपर्यंत तशीच राहिली. आषाढी-कार्तिकीला तिच्यावर वारकऱ्यांची जी गर्दी लोटत असे ती पाहिलेले लोक अजून गावोगावी आहेत. घाटात गाडी इतकी हळू चाले की माणूस खाली उतरून, बोरे तोडून पुन्हा डब्यात चढे, असेही सांगतात. अण्णांना मी हे विचारले. ते म्हणाले, "बोरं तोडलेली म्या बगितली. चढताना पडलेलं बी बगितलंय. ते कुनी सांगत न्हाई."

आता त्या रुळामागचे गणित. ऊस वाहणाऱ्या माणसाला हे पुस्तकाशिवाय कळेल.

ओल्या पाणंदीतून दोन टन उसाची टायरगाडी गेली आणि मागून वीस टनांचा ट्रक गेला, तर पाणंद कशाने मोडते? ट्रकनेच. पण त्याच वीस टनांना दहा टायरगाड्यांवर वाटून दिले तर पाणंद टिकते. म्हणजे एकूण ओझे किती याला फारसा अर्थ नाही; एका आसावर किती येते ते महत्त्वाचे. रेल्वेचेही तसेच. रूळ, पूल, भराव हे सगळे सर्वांत जड आसाच्या हिशोबाने बांधावे लागते, आणि सर्वांत जड असते ते इंजिन. म्हणजे एका इंजिनापायी सगळी लाईन महाग. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो की मालाचा डबा, कोणाच्याही एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. मालाचा डबा चार आसांचा केला, म्हणजे डबा आणि माल मिळून वीस टन. इंजिन जड होणारच, तर त्याची चाके वाढवली. इंग्लंडातल्या लीड्स गावच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना एकत्र जोडलेली आठ चाके होती आणि मागे आणखी चार. एवढे केल्यावर रूळ वारामागे ३० पौंडांचा, म्हणजे मीटरमागे जेमतेम पंधरा किलोचा पुरला. आज आपल्या धाराशिव स्टेशनावर जे मोठे रूळ दिसतात त्या जातीचा रूळ मीटरमागे साठ किलोपर्यंत भरतो.

हे सगळे सामान हिंदुस्थानात पाठवण्याआधी १८९६ साली लीड्सजवळ खास रूळ टाकून चालवून दाखवले होते, आणि ते पाहायला रेल्वेच्या धंद्यातली माणसे आली होती. छोट्या रुळावर एवढा माल नेता येतो हे त्यांना नवीन होते. आपल्या बार्शीच्या कापसासाठी काढलेली युक्ती होती ती. (हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धात विमानातून उडी मारायच्या छत्रीच्या मागे लागला आणि त्याने 'गार्डियन एंजल' नावाची छत्री बनवली. माणूस एकूण वजनाच्याच विचारात असायचा असे दिसते.)

तोटाही सांगितला पाहिजे. छोट्या डब्यातला माल मोठ्या रुळावर जात नाही. कुर्डुवाडीला प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ हमालाच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत. वेळ गेला, मजुरी गेली, पोते फाटले तर तेही गेले. रस्ते सुधारले, ट्रक आले, तेव्हा व्यापाऱ्याने ट्रक धरला यात त्याची चूक नाही. छोटे रूळ साखर कारखान्यांनीही टाकले होते. वालचंदनगर, रावळगाव, हरेगाव इथे उसाच्या फडापासून कारखान्यापर्यंत छोट्या गाडीने ऊस येत असे. तिथे माल बदलायची भानगड नव्हती. एका टोकाला फड, दुसऱ्या टोकाला गव्हाण.

मोतीबागेत फिरताना आमच्यातल्या एकाने विचारले की एवढ्या गाड्या इथे विदर्भात कशाला होत्या. प्रश्न बरोबर होता. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया, बालाघाट, जबलपूर, छिंदवाडा, नागपूर असे अरुंद रुळाचे मोठे जाळे विणले. देशातले सर्वांत मोठे म्हणतात. तिथे जंगलातले लाकूड होते, धान्य होते, आणि जमिनीखाली खनिज होते. बालाघाटकडे मँगनीज, छिंदवाड्याकडे पेंच खोऱ्यातला कोळसा. मँगनीज म्हणजे पोलादाला कणखरपणा देणारे खनिज. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात ते अजून निघते आणि १९६२ साली स्थापन झालेल्या मॉईल कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरातच आहे.

खरे तर रेल्वे ही खाणीचीच लेक. पहिली उपयोगी वाफेची यंत्रे इंग्लंडात १७१२ पासून न्यूकोमेनने बसवली ती खाणीतले पाणी उपसायला, गाडी ओढायला नव्हे. खाणीतला ढकलगाडा चिखलात रुतू नये म्हणून त्याच्याखाली आधी लाकडाचे, मग लोखंडाचे रूळ आले. १८०४ साली वेल्समधल्या लोखंडाच्या कारखान्यात ट्रेव्हिथिकने यंत्र आणि रूळ यांची गाठ मारली. ज्याला आपण रेल्वेचा जनक म्हणतो तो स्टीफन्सनही कोळशाच्या खाणीवरच लहानाचा मोठा झाला. मोटेवर इंजिन बसवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. आधी पाण्यासाठी आणलेले इंजिन मग चरकाला लावायचे, पिठाच्या गिरणीला लावायचे, हे आपण केलेच आहे. खाण पाहायचीच असेल तर नागपूरपासून जवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सने बाळ गंगाधर टिळक इको पार्क केला आणि २०१६ पासून कोळशाची भूमिगत खाण दाखवण्याची व्यवस्था केली. आम्हाला बसमुळे जमले नाही. पुढच्या सहलीत घालावे अशी संचालक मंडळाला सूचना.

विदर्भातल्या या छोट्या गाड्याही आता नाहीत. छिंदवाड्याची २०१५ च्या नोव्हेंबरात थांबली, नागभीडची २०१९ च्या नोव्हेंबरात. पण नागपूरकरांनी त्या थांबायच्या कितीतरी आधी, २००२ सालीच, हे संग्रहालय उभे करून ठेवले होते. गाडी चालू असतानाच तिचे सामान जपायचे कोणाला तरी सुचले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. दिल्लीला १९७७ साली राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय झाले तिथे राजेमहाराजांचे डबे आहेत, ते भव्य आहे. इथे तिसऱ्या वर्गाचे बाक आहेत. आपली माणसे ज्यावर बसली तसे.

अण्णांकडे येतो. ते एका वळणापाशी उभे राहिले आणि एक डोळा मिटून रुळाच्या धारेवरून पाहू लागले, आपण ऊस लावताना सरी सरळ आली का पाहतो तसे. मग तिथल्या राखणदाराला म्हणाले, "साहेब, हितं भायरचा रूळ जरा बसलाय." राखणदार हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी त्याला समजावून सांगितले की वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवावा लागतो, नाहीतर गाडी बाहेर फेकली जाते. सायकलवाला वळताना आत झुकतो तसे गाडीला झुकवायचे. तोवर एका शाळेची पोरे जमली. मग काय, अण्णांची शाळाच भरली.

कीमनचा दिवस कसा असतो ते त्यांनी सांगितले. सकाळी पहिल्या गाडीच्या आधी निघायचे. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी. आपल्या वाट्याची लाईन एका बाजूने पाहत जायचे, दुसऱ्या बाजूने पाहत यायचे. कुठे खिळा वर आलाय, कुठे फिशप्लेटचा बोल्ट ढिला झालाय, ते डोळ्यांपेक्षा कानाने कळते. घट्ट रुळावर हातोडा मारला तर तो 'टण्ण' बोलतो आणि ढिल्यावर 'थप्प'. दोन रुळांच्या सांध्यात थोडी फट ठेवलेली असते, कारण उन्हाळ्यात लोखंड वाढते. फट नसेल तर रूळ सापासारखा वाकतो. पोरांनी विचारले, रात्री काय करायचे? अण्णांनी कपाटातल्या कंदिलाकडे बोट दाखवले. "ह्यो, आन् फटाका."

पोरांना वाटले दिवाळीचा. हा फटाका म्हणजे पत्र्याची चपटी डबी, आत दारू. तिला शिशाच्या मऊ पट्ट्या असतात. पुढे लाईन तुटली असेल, दरड आली असेल, तर गस्तवाल्याने गाडीच्या दिशेने पुरेसे लांब पळत जायचे आणि त्या पट्ट्या रुळाच्या डोक्याभोवती वाकवून फटाका बसवायचा. इंजिनाचे चाक त्यावर आले की बार होतो. धुक्यात, पावसात कंदील दिसला नाही तरी बार ऐकू येतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो.

"आजोबा, तुम्ही कधी लावला?" एका मुलीने विचारले.

"दोनदा," अण्णा म्हणाले. "एकदा घाटात धोंडा आला हुता. एकदा म्हस मरून पडली हुती." पोरे म्हशीला हसली. अण्णा थोडा वेळ कंदिलाकडेच पाहत राहिले.

बस सुटली ती संध्याकाळी. गाडीत वाद जुंपला. आपल्या गटातला एक पदवीधर सभासद, नाव सांगत नाही, तो रागावून म्हणाला की तुम्ही म्हातारी माणसे त्या गाडीचे कौतुक करता, पण त्या गाडीने आपला जिल्हा शंभर वर्षे मागे ठेवला. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही, येडशीला उतरून मोटार धरायची. माल कुर्डुवाडीला दोनदा हाताळायचा. आजारी माणूस सोलापूरला न्यायचा तर गाडीपेक्षा जीप बरी. मोठी लाईन आली तेव्हा कुठे धाराशिव रेल्वेच्या नकाशावर आले.

त्याचे म्हणणे खरे आहे आणि ते इथे छापले पाहिजे. मोठ्या रुळाचे काम झाले तेव्हा मार्ग वळवून जिल्ह्याच्या गावावरून नेला. सप्टेंबर २००७ मध्ये लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तिथून कुर्डुवाडी. आज आपली पोरे रात्री बसून सकाळी मुंबईत उतरतात. जुनी गाडी परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मी एवढेच म्हणालो की बाबा, मोटही आपण सोडली, म्हणून मोट कशी चालायची हे पोराला सांगू नये का? तो म्हणाला, सांगा, पण त्यात तोटा किती होता तेही सांगा. हे त्याचे बोलणे मला पटले.

अण्णा या वादात पडले नाहीत. बाकीचे झोपले तेव्हा, यवतमाळ मागे पडल्यावर, ते खिडकीकडे तोंड करून बोलू लागले. मी लिहून घेतले ते जसेच्या तसे देतो.

"त्या पोरीला म्या दोनदा म्हनलं. तिसऱ्यांदा लावायला पायजे हुता, त्यो लावला न्हाई.

"श्रावण हुता. तीन दिस झड लागलेली. घाटातली रातची गस्त माझी. दोन खेपा केल्या. अंगात ताप भरलेला. तिसऱ्या खेपंला जरा टेकावं म्हनून गोणपाट डोक्यावर घेऊन बसलो, ते डोळाच लागला. गाडीच्या आवाजानं जागा झालो. उठून हुबा ऱ्हाईस्तोवर गाडी फुडनं गेली बी. उजाडल्यावर पन्नास पावलं फुडं गेलो, तर भरावाची माती वाहून गेलेली. आट स्लीपर नुस्तं रुळाला लोंबत हुतं. खाली हात घातला, तर हात आरपार."

मी विचारले, "आणि गाडी?"

"गेली की तिच्यावरनं. हलकी गाडी, हळू चाललेली. जड असती तर गेली नसती." थोड्या वेळाने म्हणाले, "गँग बोलावली. सगळ्यांनी मिळून माती भरली, खडी मारली. साहेबाला सांगितलं, गाडी गेल्यावर वाहून गेलं. खरं कुनालाच बोललो न्हाई. तुज्या काकूला बी न्हाई. गाडीत कोन कोन हुतं, काय म्हाईत. आपल्याच गावची असतील."

हे छापायला अण्णांची परवानगी घेतली आहे. मी दोनदा विचारले. "छाप," ते म्हणाले, "आता कोन मेमो देतंय मला."

घरी आल्यावर आठवडाभराने मी आणि अण्णा येडशीच्या बाजूला जाऊन जुन्या लाईनवरून चाललो. काही ठिकाणी भराव अजून ओळखू येतो, त्यावर बाभळी माजल्या आहेत. काही ठिकाणी शेजारच्या शेताने तो पोटात घेतला आहे आणि तिथे सोयाबीन उभे होते. दगडी मोऱ्या मात्र घट्ट आहेत. एकीखालून ओढ्याचे पाणी वाहत होते. अण्णांना ती जागा सापडली नाही. दोन वळणांपाशी थांबले, मान हलवली, पुढे चालले.

माझ्या स्वतःच्या गोठ्याच्या दाराची चौकट जुन्या स्लीपरची आहे. वडिलांनी लिलावात घेतलेले तीन स्लीपर. खिळ्यांची भोके अजून आहेत. सहलीला जाण्याआधी मी ती चौकट काढून लोखंडी बसवायच्या विचारात होतो. तूर्त तशीच ठेवली आहे.

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी बार्शी लाईनची काही वस्तू असेल, पुठ्ठ्याचे तिकीट, पास, पितळी बिल्ला, कंदील, एखादा फोटो, किंवा घरातल्या कोणी तिथे गँगमन, पोर्टर, हमाल म्हणून काम केले असेल, त्यांनी गट कार्यालयात नाव नोंदवावे. वार्षिक सभेच्या दिवशी कार्यालयाच्या ओसरीवर एक टेबल मांडायची तोंडी परवानगी मिळाली आहे. वस्तू लिहून घेतली जाईल आणि त्याच दिवशी परत मिळेल. भंगारवाला किलोने घेतो, त्याला देण्याआधी आम्हाला एकदा दाखवा. कुर्डुवाडीच्या हमालांपैकी कोणी हयात असतील तर त्यांना आणायची गाडीभाड्याची सोय आमच्या गटाने वर्गणीतून केली आहे. आमचा पदवीधर मित्र येणाऱ्या माणसांचे बोलणे लिहून घेणार आहे. तोट्याचा हिशोब सुटू नये म्हणून हे काम त्याने स्वतः मागून घेतले.

अण्णांकडे त्यांचा कीमनचा हातोडा आहे. तो टेबलावर ठेवायला ते आधी तयार नव्हते, कारण गोठ्यातल्या खुंट्या अजून त्याच हातोड्याने ठोकतात. आता सभेपुरता देतो म्हणालेत, पण दिवस मावळायच्या आत घरी परत पाहिजे.